भोंग्याची झोप

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. नऊ वर्षांची एवढीशी पोर, पण झोपली की असं घोरायची की भिंतीपलीकडचे शेजारी खोकून दाखवायचे. त्या घोरण्यावर घरात हशा पिकायचा. सकाळी गादी ओली निघाली की मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी.

ती गादी घरातच राहणारी मावशी, आईची थोरली बहीण, मुद्दाम रस्त्याकडच्या कठड्यावर टाकायची. "चार लोकांनी पाहिलं की आपोआप अक्कल येईल," असं तिचं म्हणणं. भोंग्याचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी अधूनमधूनच टेकायचा. आई पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होती. आईला लहानपणापासून या मावशीनंच वाढवलेलं, त्यामुळे ताईपुढे आईच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

मावशीचे उपाय कडक होते. संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब नाही. झोपेतून ओढून उठवायचं, तर पोर उभ्याउभ्या पेंगायची, तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडायचे नाहीत. "नाटकं नुसती!" मावशी करवादायची.

एके सकाळी खालच्या मजल्यावरच्या दोन मुली कठड्याकडे बोट दाखवून फिदीफिदी हसल्या. भोंगा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माझीच गादी आहे. झोपेत होतं. जागेपणी कधी झालंय? मग?"

मुली जिन्याकडे पळाल्या. भोंगा दप्तर उचलून शाळेत गेली. आणि गणिताच्या तासाला, नेहमीसारखीच, तिची मान बाकावर कलंडली.

प्रेसच्या दणदणाटानं आईच्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. म्हणून एका दुपारी तिघी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. नंबर येईपर्यंत भोंगा खुर्चीतच झोपली आणि तिचं इंजिन सुरू झालं. आईचा कान तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आई तिला उठवायला वाकली तशी त्यांनी हातानंच थांबवलं.

घोरणं मध्येच तुटलं. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. मग पाण्यातून वर आल्यासारखा पोरीनं मोठा श्वास ओढला आणि पुन्हा घोरू लागली.

"असं रोज होतं?"

"रोजच हो! म्हणून तर भोंगा म्हणतो," आई हसत म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "दिवसा पेंगते? अंथरूण ओलं होतं?"

आई ओशाळली. उत्तर मावशीनं दिलं, "होतं ना. आळस, दुसरं काय! उठायला नको."

"मी आळशी नाहीये!" भोंगा खडबडून जागी झाली होती. "मला कळतच नाही. कळलं असतं तर उठले नसते? ओल्यात लोळायची मला काय हौस आहे?"

"बरोबर बोलतेस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा घसा, नाक नीट पाहिलं. "टॉन्सिल चांगलेच वाढलेत, नाकामागची ग्रंथीही वाढलेली दिसते. झोपेत श्वासाची वाट बंद होते. रात्रभर हिची श्वासासाठी झटापट चालते, त्यात लघवीही जास्त तयार होते. आणि थकून झोप इतकी गाढ, की लघवी लागल्याचं तिला कळतच नाही. तपासण्या करू, गरज पडली तर ऑपरेशन. त्यानं सगळ्याच मुलांचं थांबतं असं नाही, पुष्कळांचं थांबतं. रागावून मात्र कुणाचंच थांबत नाही."

रस्त्यावर येताच मावशी उसळली. "एवढ्याशा गोष्टीला चिरफाड? आमच्या वेळी दोन फटक्यांत..."

"ताई, पुरे!" आई जागच्या जागी थांबली. भोंग्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "तू मला वाढवलंस, जन्मभर विसरणार नाही. पण पोर गुदमरत होती आणि आपण हसत होतो. वर तिलाच बोल लावत होतो. आता तिला कुणी काही बोलायचं नाही. तूसुद्धा."

मावशी झपाझप पुढे निघाली. भोंगा मुद्दाम आईच्या बाजूनं, ताठ मानेनं चालत राहिली.

तपासण्या झाल्या, ऑपरेशनही झालं. घसा बरा झाल्यावर घर इतकं शांत झालं की आई मधूनमधून पोरीच्या नाकापाशी बोट धरून बघायची. वर्गातली पेंग गेली. ओल्या सकाळी कमी होत गेल्या, पण पुरत्या थांबल्या नाहीत. तेवढ्यात शाळेचं मुक्कामी शिबिर जाहीर झालं.

"तिथं झालं तर? शोभा होईल," मावशी म्हणाली. या खेपेला आवाजात धार नव्हती, काळजीच होती.

"झालं तर शाळेच्या बाईंना मीच सांगेन. जास्तीची चादर नेते. पण जाणार म्हणजे जाणार," भोंगा म्हणाली.

गेली. परतली ती उन्हानं नाक सोललेलं, गुडघा खरचटलेला, आवाज बसलेला. मावशीनं दारातच हळूच विचारलं, "झालं का गं?"

"एकदा झालं. चादर धुतली, वाळत घातली, संपलं." भोंग्यानं बॅग धाडकन खाली टाकली. "मी दोर धरून कडा चढले, वर्गात सगळ्यात आधी. ते विचार ना!"

मावशी गडबडली. मग खुर्ची ओढून बसत तिनं विचारलं, "केवढा होता कडा?"