नव्या फिल्मचा डबा

थोरलीला धाकट्या जावेचं सगळंच थिल्लर वाटायचं, पण डब्यांवर चढवायच्या नव्या प्लास्टिक फिल्मने कहर केला. घरच्या साबणाच्या कारखान्यात डब्यांवर इतकी वर्षं पीव्हीसीचीच फिल्म चढली, लखलखली, कुणाची तक्रार नाही. आणि ही बया म्हणे, पॉलिओलेफिन आणा. नाव घेताना जीभ अडखळते, ते डब्यावर काय बसणार, कपाळ.

खरं दुखणं वेगळं होतं. थोरलीला खोकला लागला होता आणि नवऱ्याने बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत थांबला नाही तर पॅकिंगचं मशीन धाकटीकडे. तापल्या तारेवर फिल्म कापायची, डबा गरम हवेच्या बोगद्यात सोडायचा, की फिल्म आकसून घट्ट बसते, यात थोरलीचा जीव होता. हा कट धाकटीनेच शिजवला, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

जुनं रीळ सकाळीच संपलं. "आण तुझं ते रेशीम," थोरली म्हणाली आणि पीव्हीसीच्याच आचेवर नव्या फिल्मचा डबा सोडला. बाहेर आला तो नुसत्या सुरकुत्या. तिने तो दोन बोटांत धरून पॅकिंगच्या बायकांना दाखवला. "हा विकायचा की इस्त्रीला द्यायचा?"

"ताई, याला आच जास्त लागते," धाकटी म्हणाली.

"म्हणजे लाडावलेलं आहे."

धाकटीने आच वाढवली. डबे नीट येऊ लागले, तशी थोरलीची जीभ जास्तच सुटली. मऊच आहे, खडखडत नाही, चोरासारखं गप्प बसतं. दिवसभर तिची टकळी चालू होती.

संध्याकाळी नवरा पीव्हीसीचं नवं रीळ खांद्यावर घेऊन आला आणि दारातच थबकला. "खोकली नाहीस आज?"

थोरली बोलता बोलता थांबली. तारेपासून येणारा तो उग्र, नाकात झोंबणारा वास आज नव्हता.

"पीव्हीसी कापताना धूर थेट तुमच्या तोंडावर यायचा," धाकटी डबे रचत म्हणाली. "मला नाही जमत हो ते मशीन. तुमच्याकडेच राहू दे."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावेकडे बघायचीही तिला लाज वाटली. तिने मशीनकडे तोंड फिरवलं आणि आचेचं बटण आणखी जरासं पुढे सरकवलं.

"एवढ्याशा आचेने काय होतंय? कोपरे ढिले राहतात, दिसत नाही?" मग नवऱ्याला म्हणाली, "ते रीळ परत करून ये. आणि हिच्यासाठी इथे एक स्टूल ठेव. शिकवायला हवं हिला, काही म्हणजे काही येत नाही."