डावी तोडी

बाबांनी धाकटीची पाठ थोपटली की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. आणि बाबांना तर हल्ली दुसरं कामच उरलं नव्हतं.

शाळा सुटल्यापासून थोरली बाबांच्या लाकडी नक्षीच्या कारखान्यात पटाशी धरून बसलेली. धाकटी मधे बाहेर कुठेतरी शिकून आली, आणि आल्या आल्या तिच्या पानाफुलांत जीव असल्याचा शोध बाबांना लागला. थोरलीचं काम चोख आहे, असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि लगेच त्याला हाताला धरून धाकटीच्या टेबलाकडे नेत. चोख! म्हणजे फरशी पुसल्यावर म्हणतात तसं.

आता बाबांचे हात कापायला लागले होते. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर दिवसभर एकसारखा उजेड असे. ते टेबल जिला मिळेल तिच्या शब्दावर पुढे कारखाना चालेल, हे कुणी बोलत नसलं तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीने तर मनातल्या मनात त्यावर आपली अवजारं मांडलीही होती.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांनी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून तिथे लाकडी तुळई बसवली होती, आणि तिच्या दोन टोकांखाली भिंतीतून पुढे आलेल्या कोरीव तोड्या त्यांना हव्या होत्या. तुळईचा भार आतल्या लोखंडाने कधीच उचलला होता. तोड्यांनी तो पेलल्याचं फक्त सोंग करायचं होतं, पण सुंदर करायचं होतं.

बाबांनी द्राक्षवेलाचा एकच कागद काढला. डावी तोडी धाकटीची, उजवी थोरलीची. उजवीसाठी कागद उलटा धरायचा, कारण जोडीतल्या तोड्यांचे वेल एकमेकांकडे वळलेले हवेत. एवढं थोरलीला झोपेतही कळत होतं. बाबांनी टेबलाचा विषय काढला नाही, पण दोन्ही तोड्या लागल्या की बघू, असं म्हणाले. काय बघायचं ते दोघी समजल्या.

थोरलीने काम सुरू केलं तेही उलट्या कागदावरूनच. पण एकदा धाकटी जेवायला गेली असताना हिने तिच्या कामावरचं फडकं उचललं. कागदावर नसलेलं एक किडकं पान धाकटीने कोरलं होतं. कड कुरतडलेली, जणू अळी आत्ताच पोट भरून निघून गेली होती. किडकं पान कुणी पैसे देऊन घेतं का, म्हणून थोरलीने नाक मुरडलं. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. असलं पान आपल्याला आयुष्यात सुचलं नसतं, हे तिला चांगलंच कळलं होतं.

तिने आपली अर्धवट तोडी बाजूला टाकली आणि नवा ठोकळा घेतला. त्याच्या खालच्या टोकाला काळी गाठ होती, पण चांगलं लाकूड शोधायला सवड कुणाला होती? धाकटी जेवायला गेली की फडकं उचलायचं, मापं घ्यायची, डोळ्यांत साठवायचं आणि आपल्या जागी येऊन उतरवायचं. कागदाकडे तिने पुन्हा पाहिलंच नाही. तिची पटाशी इतकी सरसर कधीच चालली नव्हती.

तोड्यांना सारखंच तेल पाजून, सारख्याच फडक्यांत गुंडाळून सुताराबरोबर पुढे पाठवलं. बाबा आणि दोघी पोचले तेव्हा तोड्या भिंतीवर चढल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

"दोन्ही दाढा डावीकडच्याच आहेत," त्या म्हणाल्या.

डावीकडचा वेल खोलीत डोकावत होता. उजवीकडचाही त्याच बाजूला वळला होता, म्हणजे सगळ्यांकडे पाठ करून भिंतीत तोंड खुपसून बसला होता. कागद उलटायचा राहिला असेल, असं थोरली पुटपुटली.

बाबा उजव्या तोडीपाशी गेले. त्यांचं कापरं बोट वेलावरून फिरत फिरत किडक्या पानावर येऊन थांबलं.

"हे पान कागदावर नव्हतं," ते म्हणाले.

मग बाबांनी उजवी तोडी उतरवायला सांगितलं. नवी धाकटी करेल, आणि उद्यापासून खिडकीजवळच्या टेबलावर बसून करेल, असंही ते तिथेच बोलून मोकळे झाले. डाव्या तोडीला मात्र हात लावू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. इतकं जिवंत काम त्यांनी पाहिलंच नव्हतं.

थोरलीने मान वर करून डाव्या तोडीकडे पाहिलं. तिच्या खालच्या टोकाला काळी गाठ होती. सुताराने फडकी सोडून हाताला येईल ती तोडी डावीकडे ठोकली होती. त्याला बिचाऱ्याला काय फरक दिसणार, धाकटीलाही दिसला नव्हता.

"बाबा, डावी माझी आहे," थोरली म्हणाली. "खाली गाठ आहे बघा. तो ठोकळा मी घेतला होता."

लाकडाला गाठी असायच्याच, असं म्हणून बाबा दाराकडे वळले. धाकटी डाव्या तोडीजवळ गेली. किडक्या पानावरून तिने अंगठा फिरवला, आपल्याच पोराच्या गालावरून फिरवावा तसा.

"ताई, आता पुरे कर," ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

सुताराने उजवी तोडी उतरवली. धाकटीनेच ती फडक्यात गुंडाळली आणि थोरलीच्या हातात दिली. "घे तुझी."

परतीच्या गाडीत थोरलीने मांडीवरचं फडकं थोडं बाजूला केलं. टोकाला गाठ नव्हती. किडक्या पानाची कड तिच्या बोटाला हळूच लागली. धाकटीच्या हातचं काम आपलं म्हणून मिळावं, एवढंच तर तिला हवं होतं.