चहात टिकेल असं बिस्किट

नवरा दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि त्याची आई मात्र सुनेजवळच राहिली, याचा उलगडा गल्लीतल्या लोकांना शेवटपर्यंत झाला नाही. खरं तर त्यात उलगडण्यासारखं काही नव्हतं. घर सासूबाईंचं होतं. मुलाने बॅगा भरल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मी माझ्या घरातून कुठेही येणार नाही." सून खोली शोधते म्हणाली तेव्हा म्हणाल्या, "शोध की. सापडेपर्यंत राहा इथेच." मग सुनेने शोधली नाही आणि त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. बघता बघता काही वर्षं गेली.

सासूबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. सून एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. यंत्राच्या घरघरीत दिवसभर कुणाशी बोलणं नाही. घरी यावं तर तिथेही बोलणं बेताचंच. "मीठ दे." "दिवा घालव." "उद्या दूध जास्त घे." भांडण असं कधीच झालं नाही. भांडायला तरी काहीतरी लागतं. ज्याच्यामुळे दोघी एकमेकींच्या कुणीतरी झाल्या होत्या त्याचं नाव त्या घरात निघत नसे, आणि त्याला वगळून काय बोलायचं हे दोघींनाही सुचत नसे.

अशात मोठ्या बाईंच्या पायाची जखम भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. साखर बंद, मैदा बंद, एकूण धान्यच जवळजवळ बंद. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चहाबरोबरची बिस्किटं चालतील ना?"

"बाई, तीच तर सगळ्यात आधी बंद."

दुपारच्या चहाबरोबर बिस्किट हा त्यांचा शाळेच्या स्टाफरूमपासूनचा नेम होता. बिस्किट चहात बुडवायचं, मनातल्या मनात काहीतरी मोजायचं आणि मोडून पडायच्या आत तोंडात टाकायचं. त्यांचा हात कधी चुकला नव्हता. आता त्या नुसता बिनसाखरेचा चहा घेत, आणि तोही असा, की कुणीतरी बळजबरी करतंय.

एके दिवशी सून त्यांची चादर बदलत होती, तर तिला उशाखाली चुरा सापडला. शोधता शोधता शेकायच्या पिशवीच्या लोकरी कव्हरात बिस्किटांचा अख्खा पुडा निघाला.

"आई, हे काय?"

मोठ्या बाईंनी पुड्याकडे पाहिलं, चष्मा नीट केला. "मुंग्यांनी आणला असेल."

सुनेला हसू आलं, पण ते तिने दाबलं. रागवावं तर कोणत्या नात्याने, हेही तिला कळेना. पुडा कचऱ्यात टाकला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. पायाची पट्टी रोज तीच बदलायची. ती जखम तिने जवळून पाहिली होती.

तिने आयुष्यात कधी बिस्किट भाजलं नव्हतं. तिला बिस्किटं आवडतही नसत. घरातला ओव्हन म्हणजे कढया ठेवायचं कपाट होतं. रविवारी तिने कढया बाहेर काढल्या, ओव्हन घासला, आणि बाजारातून बदामाचं पीठ, लोणी, अंडी आणि साखरेऐवजी घालतात ती पांढरी पूड घेऊन आली. त्या पुडीचं नाव एवढं लांबलचक होतं की दुकानदारानेही ते वाचायच्या भानगडीत न पडता नुसतं बोट दाखवलं होतं.

पहिला घाणा ट्रेभर पसरला. गोल गोल चकत्या आत गेल्या होत्या आणि बाहेर एक सलग चादर आली, कडेला काळी, मध्ये कच्ची. तिने घाईघाईने उचलायला घेतली तर हातात भुगा आला. तोच वाटीत घालून तिने चहाबरोबर पुढे ठेवला.

"हे काय आहे?"

"बिस्किट."

मोठ्या बाईंनी चमच्याने एक घास घेतला. बराच वेळ चघळला. "तोंडात गार वारा का सुटतोय?"

"ती साखरेऐवजीची पूड. तिने होतं तसं."

"दहापैकी दोन," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन हजेरीचे."

पुढच्या रविवारी सुनेने पुन्हा कढया बाहेर काढल्या, तेव्हा मोठ्या बाई काठी टेकत आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. "बघू दे तरी काय करतेस ते."

हळूहळू सुनेला त्या पिठाचा स्वभाव कळायला लागला. मैद्याला चिकटपणा असतो, तो सगळ्यांना धरून ठेवतो. बदामाचं पीठ कुणाला धरत नाही. त्यात तेल फार, म्हणून ते लवकर करपतं. नारळाचं पीठ घातलं की ते सगळं पाणी पिऊन टाकतं आणि बिस्किट खडूसारखं होतं. "खडू मी चाळीस वर्षं हातात धरला," मोठ्या बाई म्हणाल्या, "खायची वेळ आता आली." आलं घातलेलं बिस्किट बरं झालं. कोको घातलेलं दिसायला झकास झालं, पण चवीला कडू जहर. पांढरी पूड निम्मी केली आणि थोडी दालचिनी टाकली तेव्हा तोंडातला गार वारा थांबला.

खरी अडचण चहाची होती. ओव्हनमधून निघालेलं बिस्किट गार होईपर्यंत ट्रेमध्येच राहू दिलं, हात लावला नाही, तर ते अखंड राही. पण चहात बुडवलं की संपलं. बुडाशी गाळ आणि मोठ्या बाईंच्या बोटांत काहीच नाही. त्या कपात डोकावून बघत आणि म्हणत, "गेलं बिचारं."

"आई, न बुडवता खा ना. चव तर जमलीय."

"न बुडवता खायला मी काय उंदीर आहे?"

मग सुनेने इसबगोल घालून पाहिला. तो डबा घरात होताच. मोठ्या बाईंनी ते पाहिलं आणि स्टुलावरून उठायला निघाल्या. "अगं, ते पोट साफ व्हायचं औषध आहे!"

"चिकटपणासाठी घालतेय. चिमूटभरच."

"तुझ्या चिमटीवर माझी उद्याची सकाळ अवलंबून आहे, हे लक्षात ठेव."

या वेळी सुनेला हसू दाबता आलं नाही. मोठ्या बाईही हसल्या. दात काढून ठेवलेले होते, म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला. त्या घरात हसण्याचा आवाज इतका परका झाला होता की दोघी जराशा दचकल्याच.

रविवार असे जायला लागले. मोठ्या बाई स्टुलावर बसून बोलत. त्यांच्या शाळेबद्दल, लवकर गेलेल्या नवऱ्याबद्दल. तो बिस्किट बुडवून नेहमी कपात पाडायचा आणि मग यांचा कप पळवायचा. सून ऐकायची. स्वतःबद्दल ती फारसं सांगत नसे. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नसे. पण एकदा पीठ मळता मळता ती म्हणाली, "दुकानात कधी कधी माझ्या लक्षात येतं, सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग मी खोकून बघते, आवाज आहे ना म्हणून." मोठ्या बाईंनी नुसता बदामाच्या पिठाचा डबा तिच्या बाजूला सरकवला.

शेवटी जमलं ते दोनदा भाजून. आधी पिठाची लांबट वडी करून ती भाजायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मग धारदार सुरीने काप करून ते मंद आचेवर पुन्हा वाळवायचे. पहिला काप मोठ्या बाईंनी चहात धरला. धरूनच ठेवला. बाहेर काढला तरी अख्खा. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले. सून फडकं हातात घेऊन उभी होती.

"सात," त्या म्हणाल्या. मग दुसरा काप उचलला. "आठ. पण डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस."

पायाची जखमही त्या सुमारास भरत आली होती. डॉक्टर खूश होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा आला. आधी फोन करून आला, तरी सुनेला दार उघडताना हात पुसायचंही सुचलं नाही. तो थोडा जाड झाला होता. "कशी आहेस?" म्हणाला. "बरी," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. त्याला मुलगी झाली होती. त्याने आईला फोनवर फोटो दाखवले. मोठ्या बाईंनी फोन हातात घेतला तो बराच वेळ परत दिला नाही.

"आई, आता तिथे चल. तिला आजी हवी. आम्हालाही हवी."

त्याने बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं. "झकास आहे. कुठून आणतेस?"

"ही करते," मोठ्या बाई म्हणाल्या.

तो "अरे वा" म्हणाला आणि बशीकडेच बघत राहिला.

तो दोन दिवसांनी न्यायला येणार होता. त्या संध्याकाळी मोठ्या बाई पलंगावर बसून होत्या, समोर उघडी बॅग. सून साड्यांच्या घड्या घालत होती.

"मी कुठे जाणार नाही म्हणाले होते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"तेव्हा नात नव्हती."

"तुला काय वाटतं?"

सुनेच्या मनात आलं, नका जाऊ म्हणावं. एवढे दोन शब्द. पण नका जाऊ म्हणायला हक्क लागतो. हक्काचा कागद तर केव्हाच फाटला होता, आणि रविवारच्या बिस्किटांनी तो पुन्हा होतो की नाही हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं.

"जा ना," ती म्हणाली. "लहान मूल आहे. मजा येईल तुम्हाला."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत एखाद्या हुशार मुलीने सोपं उत्तर चुकवलं की बघत असाव्यात, तसं. मग म्हणाल्या, "तो लोकरीचा स्वेटर वर ठेव. गाडीत थंडी वाजते."

त्या गेल्या. सुनेने डबाभर बिस्किटं बरोबर दिली. पुढच्या उन्हाळ्यात मुलाने आईच्या सहीने घर विकायला काढलं. तो फोनवर नीट, समजुतीने बोलला, हवा तेवढा वेळ घे म्हणाला. तिने फार वेळ घेतला नाही. चष्म्याच्या दुकानाच्या वरची खोली रिकामी होती. एक पलंग, एक खिडकी, कोपऱ्यात दोन शेगड्या. ओव्हन ठेवायला जागा नव्हती. तो नव्या घरमालकांनीच ठेवून घेतला; त्यांना तो हवाच होता. आता कामावर जायचं म्हणजे जिना उतरायचा, आणि घरी जायचं म्हणजे तोच जिना चढायचा. वाटेत कुणी भेटत नसे.

एका रविवारी दुपारी फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज, मागे बाळाचं रडणं.

"मी... म्हणजे, आई माझ्याकडे असतात," ती बाई म्हणाली. "ताई, रागावू नका. त्यांची साखर पुन्हा वाढलीय. विकतची बिस्किटं लपवून खातात. मी बदामाची करून पाहिली, पण चहात विरघळतात. मी म्हटलं, कशी करायची ते तुम्हीच सांगा. तर म्हणाल्या, माझ्या सुनेला विचार." ती अवघडून थांबली. "मला आधी कळलंच नाही कुणाला ते."

सून पलंगावर बसली. कित्येकदा तिने या बाईशी मनातल्या मनात बोलून घेतलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. दोनदा भाजायचं सांगितलंच नाही तर? एक क्षण असंही मनात आलं. तेवढं गाळलं, तर कुणाला कळणारही नव्हतं. पण मग चहाच्या कपात डोकावून बघणारे मोठ्या बाईंचे डोळे तिला दिसले.

"बाळाला आधी घ्या," ती म्हणाली. "मी थांबते."

मग तिने सगळं सांगितलं. नारळाचं पीठ घालू नका. इसबगोल चिमूटभरच, जास्त झाला तर त्या तुम्हाला सोडणार नाहीत. पांढरी पूड कमी, दालचिनी थोडी. आधी वडी भाजायची, मग गार करायची. "पूर्ण गार. हात लावायची फार इच्छा होते, पण लावायचा नाही. मग काप, आणि पुन्हा मंद आचेवर." समोर दोन शेगड्या होत्या, आणि ती हवेत सुरी कशी धरायची ते दाखवत होती.

"आई कशा आहेत?"

"झोपल्यात आत्ता. उठवू का?"

"नको," ती म्हणाली. "झोपू द्या."

"जमलं तर कळवते हं, ताई."

पुढचा आठवडाभर काम करताना तिचं लक्ष फोनकडे जाई. रविवारी तो आला. नाही जमलं, काप करताना वडी मोडली. सुरी कोणती वापरली, वडी गार झाली होती का, असं सगळं तिने खोदून खोदून विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी कडा करपल्या होत्या. तिने आच कमी करायला सांगितली. आता रविवारी दुपारी ती कुठे बाहेर पडत नसे. जेवण लवकर उरकून, केस विंचरून फोनजवळ बसत असे.

मग एकदा फोन आला तेव्हा त्या बाईचा आवाज वेगळाच होता. "ताई, जमलं! अगदी जमलं. चहात धरलं तरी मोडेना. आईंनी तीन खाल्ली. आता मला येतं."

"छान," ती म्हणाली. "खूप छान झालं."

"तुमचे किती उपकार मानू."

"त्यात काय."

मग दोघींनाही बोलायला काही उरलं नाही. बाळ रडलं, फोन ठेवला गेला. पुढच्या रविवारीही ती जेवण लवकर उरकून बसली. फोन वाजला नाही, आणि वाजायचं काही कारणही नव्हतं.