माझा सैल काटा

मी लाकडी घड्याळ बोलतोय. टिकटिक ऐकायला कान लावू नका. मी काडेपेटीएवढा आहे, माझ्या पोटात यंत्र नाही आणि मी चालत नाही. किती वेळा सांगायचं हे?

माझा जन्म मध्यप्रांतातल्या जबलपूरचा, दीक्षितपुऱ्यातला. सत्यभामाबाईंकडे दर चैत्रात गौरीचं हळदीकुंकू असे. त्या वर्षी आराशीसाठी त्यांची विधवा सून सरोजिनी हिनं बाहुलीचं घर करायला घेतलं. पलंग झाला, चूल झाली, पण भिंत ओकीबोकी दिसत होती. मग नथ्थू सुताराकडून कुंडमच्या जंगलातल्या सागाचा एक तुकडा मागून आणून तिनं चाकूनं मला कोरलं. तबकडी पुठ्ठ्याची, लंबक म्हणून एक लाल गुंज. काटे तिच्या केसांतल्या आकड्याचे. गजरा माळायची तिला आता मनाई होती, त्यामुळे आकडा नुसताच पडला होता.

मी तयार झालो आणि माझे हाल सुरू झाले. माणसाला घड्याळ दिसलं की काटा फिरवल्याशिवाय राहवतच नाही! सरोजिनीचे दीर भय्यासाहेब कचेरीतून आले की खिशातलं घड्याळ काढून माझी वेळ लावत. "पुन्हा मागं पडलं! काहून पडते हे?" अहो, मी लाकडाचा आहे! त्यांची बायको विनता काटे साडेचारवर आणी, कारण बायका तेव्हा येणार. सत्यभामाबाईंना ते मान टाकल्यासारखे दिसत, म्हणून त्या ते वर सरकवत. सगळ्यांनी मिळून माझा मोठा काटा पार खिळखिळा करून टाकला.

सरोजिनीला एवढंच हवं होतं, की बायका आरास बघतील तेव्हा आपणही तिथं बसावं. कुंकू तिला नको होतं. तसं तिनं सासूबाईंना विचारलंही.

"समोर काहून बसतेस? लोक काय म्हणतील? तू आत डाळ पाहा," त्या म्हणाल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती आत आंब्याची डाळ वाटत बसली. बाहेर आळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या इंदिराकाकू बाहुलीच्या घरापुढे वाकल्या. "अगंबाई, इवलंसं घड्याळ! कोणी केलं हो?"

"भय्यानं ओमतीच्या बाजारातून आणलं," सत्यभामाबाई बेधडक म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ओमतीतून! मला बोलता येत नाही, पाय आपटता येत नाही. मग मी काटा सोडून दिला. पडला तो थेट गौरीपुढच्या हरभऱ्यांत.

एकच धांदल उडाली. काटा सापडला, पण बसेना. सत्यभामाबाईंनी खटपट केली, विनतानं केली, काकूंनी चष्मा लावून केली.

"आता काय, ओमतीच्या दुकानदाराला बोलावता का?" काकू वैतागल्या.

विनताला राहवलं नाही. "वहिनींनीच केलंय जी हे. बोलावू?"

सरोजिनी पदराला हात पुसत आली. बोटाचं टोक ओलं करून तिनं काटा उचलला, जागेवर बसवला आणि उठायला लागली.

"बस इथंच," काकूंनी तिचा हात धरला. "पुन्हा पडला तर काय करू आम्ही?"

सगळ्या सत्यभामाबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी पन्ह्याचा एक पेला सरोजिनीपुढे सरकवला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझा रंग उडाला, गुंज हरवली. दर चैत्रात मी ट्रंकेतून बाहेर येतो, बायका जमल्या की काटा टाकतो, आणि सरोजिनीला आतून बोलावणं जातं. काकू आता नाहीत, पण बोलावणं चुकत नाही. ताप आहे तो भय्यासाहेबांचा. दरवर्षी सरसाची वाटी घेऊन येतात. "या वेळी काटा पक्काच करून टाकतो!"

तुम्हाला हात जोडून सांगतो, त्या भल्या माणसाला आवरा. तुम्हीही माझे काटे फिरवा, मागं पडलो म्हणून हसा, मी ऐकून घेईन. पण सरस लावू नका. तो काटा सैल आहे, तोवरच सरोजिनी बाहेर येऊन बसते.