झरोक्यातली उशी

मित्रांनो, मी एक जुना झरोका आहे. इस्त्रीच्या दुकानात, मागच्या भिंतीत, छताच्या जरा खाली माझा मुक्काम. मला पाहायचं तर मान वर करावी लागते, आणि तेवढी तसदी कोण घेतो?

गवंड्याने मात्र मला हौसेने घडवलं. "दारातून आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायलाही वाट हवी ना?" असं तो म्हणाला होता. त्या भल्या माणसाला मी अजून विसरलेलो नाही.

दुकान चालवतात नणंद आणि भावजय. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि भांडल्याशिवाय दिवस जात नाही. दारातून येणारा वारा इस्त्र्यांची धग गोळा करून माझ्यातून बाहेर पडायचा. कौतुक मात्र सगळं दाराचं! मी मनातल्या मनात हसायचो.

एकदा चिमण्यांनी माझ्यात संसार थाटला. काड्या आणि कचरा नेमका एका पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पडला. नणंदेचा पारा चढला. पिल्लं उडून जाताच तिने एक जुनी उशी माझ्या तोंडात कोंबली.

तेव्हापासून दार सताड उघडं असूनही दुकानाची भट्टी झाली. भावजयीला घेरी येऊ लागली.

"वन्सं, मला नाही जमायचं आता. दुसरं काम बघते."

"बघ की! अडवलंय कुणी?" नणंद फटकन म्हणाली. मग पाठ वळवून तिने डोळे पुसले. उशीच्या कडेने मला तेवढं दिसलं आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दुपारी भावजय इस्त्री ठेवता ठेवता कोसळली. नणंद धावली. तोंडावर पाणी मारलं, पण गिऱ्हाइकांच्या कपड्यांशिवाय डोक्याखाली द्यायला काही सापडेना. तिची नजर वर गेली. स्टुलावर चढून तिने ती उशी खसकन ओढली.

आणि दोरीवरचे सगळे सदरे एकदम हलले! वारा दारातून आला, भावजयीच्या कपाळावरून गेला आणि माझ्यातून बाहेर पडला. तिने डोळे उघडले.

"वन्सं, वारा आला का हो?"

नणंद उशी छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. "तो रोजच दारात होता गं. मीच अडवला होता."

आता माझ्या तोंडावर बारीक जाळी आहे आणि चिमण्यांसाठी बाहेर एक खोकं टांगलं आहे. अधूनमधून नणंद स्टुलावर चढून माझी धूळ पुसते. मी दोघींचा ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्याही छताशी माझा एखादा भाऊबंद असेल. मान वर करून त्याच्याकडे एकदा बघा. त्याच्या तोंडात काही कोंबलेलं असेल, तर कुणी कोसळायची वाट पाहू नका. नणंद माझी धूळ पुसते तेव्हा भावजय खालून स्टूल घट्ट धरून उभी असते, आणि दोघी मनसोक्त भांडत असतात.