पिवळ्या रेघेवरची मार्लिस

"चालली! अगं बाई, सरळ चालली की!"

ओल्डेनडॉर्फच्या चर्चच्या तळघरात चाळीसेक माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. फरशीवर मुलांच्या खेळासाठी एक पिवळी रेघ आखलेली होती. त्या रेघेवरून मार्लिस ट्यार्क्स टाचेला अंगठा लावत, एकेक पाऊल टाकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, आणि हसली. तिचं ते हसू पाहून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी नऊ वाजता याच रेघेवर ती तिसऱ्या पावलाला कलंडली होती. गोधडी शिवायला जमलेल्या बायकांनीच तिला दोन्हीकडून धरून खुर्चीत बसवलं होतं.

आता दुपारचा एक वाजला होता. मधल्या वेळात झालं होतं ते इतकंच, की दर बुधवारी तिथे उपचार करणाऱ्या रॉयस हॅल्वरसननं तिची मान दोन्ही तळव्यांत धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकली होती. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला होता आणि पुढच्या रांगेनं श्वास आत ओढला होता.

"माणसाचं डोकं म्हणजे काय?" रॉयसनं पांढऱ्या कोटाच्या बाह्या सावरल्या. "दहा पौंडांचा भोपळा! काडीएवढ्या मानेवर ठेवलेला! एका बाजूचा स्नायू झोपला की दुसऱ्याच्या गळ्यात दोघांचं काम. मग तो बिचारा रडतो. त्याच्या रडण्याला तुम्ही डोकेदुखी म्हणता. आणि हॉस्पिटलवाले काय करतात? गोळी देतात! म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा!"

माणसं खदखदा हसली.

"मी बोळा कोंबत नाही. मी पोराला विचारतो, बाळा, का रडतोस? आणि शरीर मला उत्तर देतं. हाताच्या भाषेत!"

कॉफीच्या मोठ्या किटलीजवळ मार्लिसची थोरली बहीण आर्डिस बसली होती. गावच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. तळघरातली निम्मी डोकी तिच्या हाताखालून गेलेली. त्यांतलाच वेंडेल अब्बास कप भरायला आला.

"बाई, तुम्ही टाळ्या नाही वाजवल्या?"

"हातात कप आहे, वेंडेल."

"मग खाली ठेवा की."

"कॉफी गार होईल."

वेंडेल हसला, पण आर्डिस रेघेपाशी उभ्या बहिणीकडेच बघत होती. ही तिची मार्लिस. लहानपणी मक्याच्या ताटांत लपायची आणि सापडली नाही की स्वतःच गाणं म्हणून पत्ता सांगायची. नोव्हेंबरपासून तिचं डोकं ठणकत होतं, भोवळ येत होती, अन्न पोटात ठरत नव्हतं. पलीकडच्या गावातल्या, हातानं मणके बसवणाऱ्या म्हाताऱ्या कायरोप्रॅक्टरनं तिच्या मानेला हातही लावला नव्हता. "हे माझं काम नाही, आधी रक्त तपासून घे," म्हणाला होता. मार्लिस त्याच्याकडे परत गेली नाही. रॉयसनं मात्र पहिल्याच दिवशी तिचा हात धरून "सापडलं!" अशी आरोळी ठोकली होती.

निघताना त्यानं नेहमीचं बजावलं. "उपचारानंतर स्नायू तान्ह्या बाळासारखे असतात हं, मार्लिसबाई. वाऱ्याची झुळूक लागता कामा नये. खिडक्या बंद, दारं बंद. उबेत पडून राहायचं, थेट पुढच्या बुधवारपर्यंत."

गाडीत मार्लिस खिडकीला डोकं टेकून बसली. दोन्ही बाजूंना बर्फात बुडालेली शेतं, वर उभे राहिलेले मक्याचे खुंट. "ताई, तुझा विश्वास नाही ना त्याच्यावर?"

"तू बरी झालीस तर मी त्याचे पाय धुवीन."

"आज नाही का झाले बरी?"

"आज झालीस. गुरुवारी?"

मार्लिसनं काचेवरची वाफ पुसली. मग हळूच म्हणाली, "पिकल्स का गेला, ते सांगितलं त्यानं मला."

पिकल्स म्हणजे तिचा नारिंगी बोका. घराच्या तळघरात, घर ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीशेजारी जुन्या पोत्यावर निजायचा. नाताळच्या आदल्या आठवड्यात तिथेच ताठ झालेला सापडला.

"काय सांगितलं?"

"घरात एकाचा तोल गेला की मुक्या जिवाला आधी बाधतं म्हणे. माझ्यामुळे गेला तो, ताई."

आर्डिसनं गाडी कडेला घेतली. थुंकावंसं वाटलं तिला. गळ्यातला मफलर सोडून तिनं बहिणीच्या गळ्यात गुंडाळला, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

पुढच्या बुधवारी आर्डिस काळा लोकरी कोट घालून तळघरात आली, आणि रॉयसनं "आज कोणाचं शरीर बोलणार?" असं विचारताच उठून उभी राहिली.

"माझं बोलू दे. पण डॉक्टर, मी पडले मास्तरीण. आधी त्या स्नायूंची नावं फळ्यावर लिहून द्या ना, मला बोर्ड असल्याशिवाय काही कळत नाही."

रविवारच्या शाळेचा फळा भिंतीला होताच. खडूचा नवा खोका आर्डिसनंच उघडून पुढे केला. रॉयसनं लांबलचक नावं लिहिली, बाण काढले, तळव्यानं पुसली, पुन्हा लिहिली. मग त्यानं आर्डिसला हात समोर ताठ धरायला लावला.

"आधी साधी तपासणी. तयार? जोर लावा!" त्यानं हात खाली दाबला. तो हलला नाही. "आता मी मानेमागच्या झोपलेल्या स्नायूवर बोट ठेवतो, आणि बघा!" हात दोरी तुटल्यासारखा खाली आला. तळघरातून "ओऽऽ" असा हुंकार उठला. "आणि आता तो स्नायू जागा करतो." मानेवर एक टिचकी. पुन्हा दाबलं, तर हात खांबासारखा ताठ.

"झालं?" आर्डिसनं विचारलं.

"झालं."

तिनं तो हात दिव्याखाली धरला. काळ्या बाहीवर पांढरे ठसे स्पष्ट उमटले होते. दोन ठसे एकावर एक, कोपराच्या जवळ. एक अगदी मनगटावर.

"वेंडेल, सातवीत तरफ शिकवली होती मी. दार बिजागरीजवळ ढकललं तर?"

वेंडेलनं मान खाजवली. "जड जातं, बाई."

"आणि कडीजवळ?"

"बोटानं उघडतं."

"हात ताठ राहायला हवा तेव्हा हे कोपराशी दाबतात, 'तयार?' विचारून, सावकाश. पडायला हवा तेव्हा मनगटाशी, न विचारता, हिसका देऊन. शरीर कसलं बोलतंय? खडू बोलतोय."

कोणी तरी फिसकन हसलं. रॉयसच्या गालावर लाली चढली, पण असला माणूस तेवढ्यानं आडवा होत नाही. त्यानं हात झटकले आणि मार्लिसकडे बोट केलं.

"ठीक आहे, बाई! माझा हात खोटा, खडू खरा. मग हिचं काय? दर बुधवारी सकाळी ही इथे लडखडत येते आणि दुपारी रेघेवर चालते. सगळ्या गावानं पाहिलंय. ते कोण करतं? तुमची तरफ?"

टाळ्या पडल्या. मार्लिसचा नवरा डेलविन मागून ओरडला, "ताई, पुरे की आता! माझी बायको इथे आली की बरी होते, तुम्हाला का खुपतं?"

आर्डिसनं बाहीवरचा खडू झटकला. ती खाली बसली. तिची तिलाच लाज वाटली. दुपारी एकला रॉयसनं मार्लिसची मान धरली, पुन्हा काटकी मोडल्याचा आवाज आला, आणि मार्लिस रेघेवरून चालली. अगदी सरळ.

त्या संध्याकाळी आर्डिस स्वतःच्या घरी गेली नाही. बहिणीकडेच राहिली, वरच्या खोलीत.

सकाळी डोळे उघडले ते कपाळात हातोडे घेऊन. जिन्यावर तिचा पाय चुकला. कठडा धरून ती स्वयंपाकघरात आली, तर मार्लिस टेबलावर डोकं टाकून बसलेली, चेहरा मेणासारखा. डेलविन डुकरांना चारा घालून नुकताच आत येत होता, बुटांचा बर्फ झटकत.

"तुझं डोकं दुखतं का रे सकाळी?" आर्डिसनं विचारलं.

"दुखतं की. पण गोठ्यात गेलं, चार घमेली उचलली, की उतरतं. कामाचा माणूस मी. माझे स्नायू जागे असतात, डॉक्टरच म्हणाले."

आर्डिस दाराची चौकट धरून उभी राहिली. बाहेर गेलं की उतरतं. *इथे आली की बरी होते.* काल डेलविन रागानं ओरडला होता. त्याच्याही नकळत तो खरं बोलला होता. मार्लिस आठवड्यातून एकदाच या घराबाहेर पडत होती. बुधवारी नऊला. रॉयस तिला हात लावायचा सगळ्यांत शेवटी, दुपारी एकला. तोवर चार तास ती दुसरीकडची हवा घेत असायची. आणि पिकल्स घरातून कधीच बाहेर पडत नव्हता.

"कोट घाल तिला. दोघंही बाहेर व्हा. आत्ता!"

"अहो ताई, वाऱ्यात? डॉक्टरांनी..."

"डेलविन, बायको हवी ना तुला?"

मार्लिसला पिकअपमध्ये बसवून आर्डिस घराभोवती फिरली. थंडी अडवायला सगळेच लावतात तसे पायथ्याला पेंढ्याचे गठ्ठे लावले होते. इंधन महागल्यापासून डेलविननं दोन थर रचले होते. खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून बसवलं होतं. मागच्या बाजूला, भट्टीला हवा मिळावी म्हणून तळघराच्या भिंतीत एक जाळी होती. ती कुठेच दिसेना. आर्डिसनं गठ्ठ्याची सुतळी दोन्ही हातांनी ओढली. गठ्ठा बर्फावर पालथा झाला, तेव्हा मागे ती जाळी सापडली. भुसा आणि बर्फ चिकटून ती पार लिंपून गेली होती.

आर्डिसच्या फोनवर आलेला गॅस कंपनीचा माणूस हवा तपासायची काचेची नळी घेऊन तळघरात उतरला आणि लगेच वर आला. नळीतली पिवळी पूड काळवंडली होती. त्यानं भट्टी बंद केली, सगळ्या खिडक्यांचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

"कार्बन मोनॉक्साइड. भट्टीला हवा कोंडली की गॅस नीट जळत नाही, आणि हे तयार होतं. ना वास, ना रंग. रक्तात बसलं की प्राणवायूला जागाच देत नाही. बाहेर पडलात की चार-पाच तासांत निम्मं उतरतं." त्यानं फाटलेल्या प्लॅस्टिककडे पाहिलं. "खिडक्या बंद करून आत पडून राहा, असं कोणी सांगितलं नव्हतं ना?"

डेलविननं मान खाली घातली.

हॉस्पिटलात मार्लिसच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. रक्ताच्या तपासणीनंही तेच सांगितलं. मुखवटा जरा बाजूला सारून ती कुजबुजली, "मग पिकल्स?"

"भट्टीशेजारी निजायचा ना तो? त्याला आधी बाधलं. तुझा काही दोष नाही गं, राणी."

मार्लिस खूप रडली. नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच रडून तिचं डोकं दुखलं नाही.

नंतरच्या बुधवारी तळघर गच्च भरलं होतं. बातमी रॉयसच्याही कानावर गेलीच होती. तो आधीच तयारीनं आला होता. "मित्रांनो, विष होतं, मान्य! पण ते सोसायला हिचं शरीर तयार कोणी केलं?" अशी सुरुवात करून त्यानं आज सगळ्यांच्या आधी मार्लिसकडेच हात पसरले. "या, मार्लिसबाई. सांगू दे तुमच्या हाताला."

मार्लिस उठली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. तिच्या मानेला कोणी हात लावलेला नव्हता. ती आधी पिवळ्या रेघेकडे गेली, टाचेला अंगठा लावत भिंतीपर्यंत चालली आणि परत आली. मग त्याच्यासमोर उभी राहून तिनं हात ताठ धरला.

"दाबा. पण आधी या सगळ्यांना सांगा, मनगटाशी दाबणार की कोपराशी?"

रॉयसचे हात हवेतच राहिले.

"खिडक्या बंद करून मला त्या घरात तुम्ही पाडून ठेवलंत," मार्लिस म्हणाली. तिचा हात तसाच ताठ होता. "आणि माझ्या मांजराचं मरण माझ्या गळ्यात बांधलंत."

मग आर्डिस किटलीजवळून उठली.

"मी एकच विचारते. इथे यांच्याकडे डोकेदुखी घेऊन आलेल्यांनी हात वर करा." अकरा हात वर झाले. "उन्हाळ्यात कोणाकोणाचं दुखतं?" नऊ हात खाली आले. "आणि घराला गठ्ठे लावलेत कोणी?"

त्या नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक हात पुन्हा वर होऊ लागला. वेंडेल अब्बासचा हात सगळ्यांत शेवटी, आणि फार सावकाश वर आला. त्याच्या घरात तीन महिन्यांचं बाळ होतं.

"मानेला मालीश करून घ्यायचं तर खुशाल घ्या," आर्डिस म्हणाली. "बरं वाटत असेल. पण जो तपासायच्या आधीच उत्तर सांगतो, त्याच्या हाती जीव देऊ नका. कुठे दुखतं, हे सगळेच विचारतात. कुठे असताना दुखतं, कधी उतरतं, हे तुम्ही स्वतःला विचारा. वहीत लिहा. दार उघडून बघा. त्याला डॉक्टरकी लागत नाही, पोरांनो. सातवीचं पुस्तक पुरतं."

वेंडेल टोपी न घालताच जिना चढला. त्याच्यामागून खुर्च्या सरकल्या, गाड्या सुरू झाल्या. रॉयस आपलं घडीचं टेबल मिटत होता, आणि त्याला हात द्यायला कोणी थांबलं नाही.

दुपारी आर्डिस आणि मार्लिस गाडीतून घरी निघाल्या, तेव्हा रस्त्यालगतच्या घराघरांपुढे माणसं कंबरेत वाकून गठ्ठे ओढत होती. बर्फावर जिकडेतिकडे पिवळा पेंढा विखुरला होता. अब्बासांच्या घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि अंगणात, तीन गोधड्यांत गुंडाळलेलं बाळ कडेवर घेऊन, वेंडेलची बायको उन्हात उभी होती.