फुग्याची दाढी

आमच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या आणि त्यातली तिसरी ताईला हवी होती. एवढंच होतं सगळं. पुढे गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी त्याचं काय काय केलं, पण माझ्या बहिणीला मुळात सुंदरी-बिंदरी व्हायचंच नव्हतं. तिला खुर्चीमागे उभं राहून लोकांच्या दाढ्या करायच्या होत्या.

तिसऱ्या खुर्चीचा कारागीर स्वतःचं दुकान टाकून निघून गेला, तेव्हापासून त्या खुर्चीवर बाबा धुतलेल्या टॉवेलांची थप्पी ठेवायचे. ताईने एकदा थप्पी उचलली आणि विचारलं, "बाबा, इथे मी उभी राहू का?"

"आणि तू वस्तरा धरल्यावर कोण मान पुढे करेल?" बाबा म्हणाले, आणि थप्पी परत जागेवर ठेवली.

मला राग येतो तो याचा, की तिला वस्तरा धरायला शिकवलं बाबांनीच. आमच्याकडे नवा कारागीर आला की त्याला आधी मागच्या खोलीत फुगा मिळायचा. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो फेस अलगद काढायचा. फुगा फुटला, की घ्या दुसरा. एकही फुगा न फोडता सगळी दुपार गेली, की मगच खऱ्या गालाला हात लावायची परवानगी. फुगे फुगवायचं काम आम्हा दोघी बहिणींचं. उरलेल्या फुग्यांवर आम्हीही हात चालवायचो. माझ्या हातात फुगा टिकला नाही तो नाहीच, मी जन्माची धसमुसळी. ताईच्या मनगटाला मात्र बाबा हात देऊन म्हणायचे, "दाबू नकोस, वस्तऱ्याला त्याच्या वजनाने चालू दे." तिचा फुगा फुटेनासा झाला, तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला होता. त्या खोलीतला साबण, तुरटी आणि ओल्या टॉवेलांचा वास मला अजून कधीतरी उगाच येतो आणि मग हातातलं काम राहून जातं. फार सुखाचे दिवस होते ते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

ताई मोठी झाली, उंच झाली, आणि देखणी तर इतकी, की समोरच्या फोटोवाल्याने तिचा फोटो दर्शनी काचेत लावला. त्यानेच तो फोटो देशाची सुंदरी निवडायच्या स्पर्धेला पाठवून दिला. बोलावणं आलं आणि बाबा हरखले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. म्हणजे बघा, सगळ्या देशासमोर मिरवायला पोरीला परवानगी, पण शेजारच्या घड्याळवाल्याच्या गालाला हात लावायला नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

स्पर्धेत चालणं होतं, प्रश्नोत्तरं होती आणि कलागुणांची फेरी होती. त्या फेरीसाठी नाचाच्या बाई ठेवल्या. बाईंनी जीव ओतला, पण ताई नाचायला लागली की कपाट सरकवल्यासारखं वाटायचं. जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. घुंगरांच्या खाली मला फुग्यांची पुडी दिसली, आणि तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेला वस्तरा.

"बाईंना काय सांगशील?" मी विचारलं.

"बाईंना काय, घुंगरं परत देईन," ती म्हणाली. "बाबा म्हणतात ना, कोणी मान पुढे करणार नाही? एकदा सगळ्यांनी बघू दे माझा हात. मग बघते कसे नाही म्हणतात." मग माझा कान धरून म्हणाली, "तोंड बंद ठेव." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी दुकान खचाखच भरलं होतं. दाढीच्या निमित्ताने अर्धी गल्ली आली होती आणि आई चक्क दाराशी स्टूल टाकून बसली होती. बाबांनी घड्याळवाल्याच्या तोंडाला फेस लावला आणि तेवढ्यात टीव्हीवर ताई आली. तिच्या आधीच्या मुलीने गाणं म्हटलं होतं आणि टाळ्या अजून चालू होत्या. ताईच्या पुढे एक उंच स्टँड, त्याच्यावर फुगा.

"नाच कुठे गेला?" आईने विचारलं. मी छताकडे बघितलं.

ताईने फुग्याभोवती टॉवेल गुंडाळला, तो नीट खोचला आणि ब्रश फिरवायला लागली. सभागृहात खसखस पिकली. मग तिने वस्तरा उघडला आणि सगळे गप्प झाले. कॅमेऱ्याने तिचा हात जवळून दाखवला. बाबांचा स्वतःचा वस्तरा हवेत तसाच राहिला. ती बोटाने फुग्याची कातडी ताणायची, वस्तरा खाली आणायची, पुसायची, पुन्हा ताणायची. फेसाचा शेवटचा पट्टा निघाला. फुगा शाबूत.

आणि टाळ्याच आल्या नाहीत. त्या लोकांना वाटत होतं, फुगा फुटणार, धमाका होणार, मग गंमत. फुटला नाही म्हणजे त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. तरी तिने त्याच क्षणी हात जोडून वाकायला हवं होतं, म्हणजे टाळ्या आल्या असत्या. पण ती ऐन मोक्याला सवयीवर गेली. तिने ओली तुरटी फुग्यावर फिरवली, टॉवेल काढून झटकला आणि हातातला आरसा फुग्याच्या मागे धरून उभी राहिली.

आमच्याकडे तसंच असतं. मागून आरसा धरायचा आणि गिऱ्हाईक मान हलवेपर्यंत जागचं हलायचं नाही. आता फुगा कुठली मान हलवणार? तीन परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं आणि मग सगळं सभागृहच हसलं. ताईच्या लक्षात आलं तेव्हा तिचे कान लाल झाले, पण आरसा तिने खाली घेतला नाही. तिला सुचलंच नसावं. मला त्या परीक्षकांना जाऊन मारावंसं वाटत होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते टीव्हीकडे तोंड करून उभे होते. कुणाला दाखवायला नाही, आपल्याशीच, गिऱ्हाईक हलवतं तशी त्यांनी एकदा मान हलवली. मग वळून बघतात तर घड्याळवाल्याच्या तोंडावरचा फेस वाळून गेलेला. बाबांच्या हातून तसं कधी होत नसे. त्यांनी माफी मागितली आणि पहिल्यापासून फेस लावला.

ताईला काहीच मिळालं नाही. पहिल्या दहांतही नाव नव्हतं. ती परत आली तेव्हा बाबा प्रवासाबद्दल बोलले, जेवलीस का म्हणाले, पण वस्तऱ्याचा विषय नाही. ताईने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने टॉवेलांची थप्पी उचलून फळीवर ठेवली, ॲप्रन बांधलं आणि खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बाबांनी ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

सुट्टीचा दिवस, बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. बघायला सगळे, बसायला एकही नाही. ताई "या ना" म्हणाली की जो तो पेपरात डोकं घालायचा. घड्याळवाल्याची पाळी आली तर तो म्हणाला, "मला काही घाई नाही. मी तुमच्याकडेच करीन." ताईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कोणी मान पुढे करणार नाही, हे बाबांचं म्हणणं खरं ठरत चाललं होतं, आणि तेही आमच्याच गल्लीत.

बाबांनी हातातली कटिंग पुरी केली. त्या गिऱ्हाइकाचे केस झटकले, त्याला निरोप दिला. आता पुढच्याला हाक मारतील असं वाटलं. पण त्यांनी ॲप्रन सोडून खुंटीला लावलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि बाकावरच्या सगळ्यांसमोरून चालत जाऊन तिसऱ्या खुर्चीत बसले. मान मागे टेकली, गळा उघडा टाकला आणि डोळे मिटून घेतले.

ताईने फेस लावला. वस्तरा उघडला. सगळ्या देशासमोर न अडलेला तिचा हात आता बाबांच्या गळ्याजवळ जाऊन अडला, मला आरशात स्पष्ट दिसत होतं. तिने तो खाली घेतला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली घेतला.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "सावकाश कर. गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही."

मला भरून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी झाडू घेतला आणि घड्याळवाल्यावर विनाकारण खेकसले, की पाय वर घ्या, आणि मुकाट्याने तिच्या रांगेत सरका.